पोटभाडेकरूंना अनावृत पत्र

रा. रा. फीकॅलिबॅक्टेरियम प्राउस्निट्झी आणि मंडळी,
मुक्काम मोठं आतडं.

स. न. वि. वि.

पत्रास कारण, तुमच्या नावावर बाहेर चाललेला व्यापार. समाचाराला येणारा प्रत्येक जण हल्ली ‘आधी पोट सुधार’ म्हणतो आणि कुठल्यातरी कॅप्सूलचं नाव सांगून जातो. मला क्रॉनिक फटीग सिंड्रोम आहे. रात्रभर झोपून जाईल असा हा शीण नव्हे. तासभर पाहुण्यांशी बोलले, की दुसऱ्या दिवशी केस विंचरायला हात वर होत नाही. श्रमानंतरचं हे कोसळणं या आजाराचं मुख्य लक्षण आहे, असं अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने 2015 सालीच नोंदवलं आहे.

तुमची कामगिरी मी नाकारत नाही. आम्हाला न पचणारे तंतू आंबवून तुम्ही जिवाणू ब्युटिरेट तयार करता. आतड्याच्या अस्तरातल्या पेशी मुख्यतः त्यावर जगतात, दाह आटोक्यात राहतो. 2023 साली कोलंबिया विद्यापीठाच्या गटाने या आजाराचे 106 रुग्ण आणि 91 निरोगी माणसं तपासली. रुग्णांमध्ये तुमची वस्ती विरळ आढळली, आणि तुम्ही जितके कमी, तितका थकवा जास्त.

पण त्याच वर्षी जॅक्सन लॅबोरेटरीच्या संशोधकांनी आणखी एक गोष्ट दाखवली, जी कॅप्सूलवाले सांगत नाहीत. आजार नवा असलेल्यांच्या आतड्यातली पडझड ठळक होती. दहा वर्षांहून जुन्या रुग्णांमध्ये मात्र वस्ती बरीचशी सावरलेली होती. माणसं तरीही आजारीच! मग तुमची घट हे आजाराचं मूळ, की त्याचा परिणाम? अंथरुणाला खिळलेल्याचा आहार बदलतो, औषधं वाढतात. त्यानेही तुमचं गणित बिघडत असणार.

आणि बाटलीतून येतात ते तुम्ही नसताच. तुम्हाला ऑक्सिजन सोसत नाही, त्यामुळे दह्यात किंवा नेहमीच्या कॅप्सूलमध्ये तुम्ही सापडायचे नाही. तिथे असतात लॅक्टोबॅसिलस आणि बायफिडोबॅक्टेरियम. त्यांचीही परीक्षा झाली आहे. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात 39 रुग्णांपैकी काहींना दोन महिने रोज 2400 कोटी लॅक्टोबॅसिलस केसी शिरोटा दिले, बाकीच्यांना नुसती पूड. जिवाणू घेणाऱ्यांची चिंता कमी झाली. चिंता कमी होणं थोडंथोडकं नाही. पण त्याला थकव्यावरचा इलाज म्हणता येणार नाही.

तेव्हा आपल्यातला व्यवहार साधा ठेवू. ज्वारीची भाकरी, मटकी, शिळा भात हे तुमच्या वाट्याचं मी खात जाईन, तेही पोट फुगणार नाही इतपतच. कारण या आजारात चिडलेलं आतडंही अनेकांच्या वाट्याला येतं. कॅप्सूल सुचवणाऱ्याला मी तीन प्रश्न विचारीन: जिवाणू नेमका कुठला, मात्रा किती आणि याच आजाराच्या रुग्णांवर तपासला आहे का? तुमच्या घटीचा आलेख नाचवत कुणी ‘पोट सुधारलं की उठून कामाला लागशील’ म्हणालं, तर त्या जुन्या रुग्णांचा निकाल त्याच्यापुढे ठेवीन. त्यांची वस्ती सावरली होती. आजार हटला नव्हता.

कळावे,
आपली घरमालकीण