वेळेवर थांबलेला हात

आप्पांच्या उजव्या डोळ्यासाठी मी दोन डॉक्टरांचा ऋणी आहे, आणि त्यातल्या धाकट्याचा जरा जास्तच. कोपरीत हे कुणाला पटत नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये ही गोष्ट ‘पोरानं बिघडवला, मोठ्यानं वाचवला’ अशीच सांगतात.

मोतीबिंदू चांगला पिकलेला होता. शेजारच्या काकूंचा धोशा, जे.जे.ला लहान्यांकडे न्या. डॉ. तात्याराव लहाने तेव्हा तिथेच होते. लाखावर शस्त्रक्रिया केलेला हात, 2008 ची पद्मश्री. पण लोकलनं भायखळा, तिथून टॅक्सी, मग रांग. आप्पा म्हणाले, “एवढ्याशा कामाला कशाला? स्टेशनपलीकडे उरकू.” तिथल्या तरुण डॉक्टरनं चालू गोळ्या विचारल्या. आप्पांनी बीपीची सांगितली. प्रोस्टेटची टॅमसुलोसिन गिळून टाकली, कारण बाजूला सून बसली होती.

या गोळीनं बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा सैल पडतो. बाहुली नीट मोठी होत नाही आणि पडदा पाण्यातल्या फडक्यासारखा हलत छेदातून बाहेर यायला बघतो. हा संबंध जगापुढे आला तोच 2005 मध्ये. त्या पडद्यामागे भिंगाची पिशवी. तिची मागची बाजू एका मिलिमीटरचे अडीचशे भाग केले तर त्यातल्या एकाएवढी पातळ. आप्पांच्या शस्त्रक्रियेत ती फाटली आणि मोतीबिंदूचा मोठा तुकडा डोळ्याच्या मागच्या जेलीत उतरला.

भूल डोळ्यापुरतीच होती, त्यामुळे आप्पांना सगळं ऐकू येत होतं. मशीनचा आवाज थांबला. डॉक्टरनं कुणाला तरी फोन लावायला सांगितला आणि स्पीकरवर म्हणाला, “सर, न्यूक्लियस मागे गेलाय. मी शोधत नाहीये.”

माझं ऋण आहे ते या शेवटच्या वाक्याचं. असा तुकडा डोळ्यांदेखत खाली जाताना हात आपसूक मागे धावतो म्हणतात. तो धावला असता तर जेली ओढली गेली असती, तिच्याबरोबर रेटिना फाटला असता, आणि मग कुणाचाच अनुभव कामी आला नसता. यानं पुढे आलेली जेली साफ केली, डोळा बंद केला आणि बाहेर येऊन आम्हाला सगळं सरळ सांगितलं.

रेटिनाच्या मोठ्या डॉक्टरांनी आप्पांना बघताक्षणी विचारलं, “आजोबा, लघवीची कुठली गोळी घेता?” सून तेव्हाही तिथेच होती. काही दिवसांनी त्यांनी जेलीसकट तो तुकडा काढला आणि पिशवीची जी कड शाबूत होती तिच्यावर नवं भिंग बसवलं.

अनुभवानं फरक पडतोच. कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतातली 2007 ची पाहणी आहे: वर्षाला 50 ते 250 मोतीबिंदू काढणाऱ्यांकडे हजारात आठांना गंभीर त्रास झाला, हजाराच्या वर काढणाऱ्यांकडे एकाला. पण त्या हजारवाल्यालाही पन्नासच्या पायरीवरूनच जावं लागतं, आणि त्या पायरीवर कुणीतरी आपला डोळा ठेवलेला असतो. 2023 मध्ये जे.जे.त हाच वाद पेटला. आम्हाला शस्त्रक्रिया करू देत नाहीत, अशी निवासी डॉक्टरांची तक्रार. लहान्यांनी ती फेटाळली आणि सहकाऱ्यांसह राजीनामा दिला. खरं-खोटं मला ठरवता येणार नाही. पेशंट म्हणून मला मोठाच हात हवा असतो, हे मात्र कबूल.

आप्पा माझ्यापेक्षा मोठ्या मनाचे. डाव्या डोळ्याला त्यांनी तोच पोरगा मागितला. “माझ्या डोळ्यावर शिकलाय. आता त्याचा फायदा दुसऱ्यानं का घ्यावा?” मोठे डॉक्टर शेजारी बसले. पोरानं बारीक हुक लावून पडदा ताणून धरला, आणि सगळं सुरळीत पार पडलं.

हल्ली संध्याकाळी बाकावर कुणी मोतीबिंदूचा विषय काढला, की आप्पा चारचौघांत, बायकामंडळी असली तरी, खड्या आवाजात आधी लघवीच्या गोळीची चौकशी करतात. सूनबाईंनी दोनदा दटावलं, उपयोग नाही.