वर्तुळात न मावलेली वाडी

आमच्या सामुदायिक रेडिओ केंद्राचा प्रक्षेपण-नकाशा मी तयार केला होता. त्यात मी एकापाठोपाठ एक चुका केल्या आणि त्यांची झळ डोंगरापलीकडच्या वाडीला बसली.

२००६च्या सरकारी मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा केंद्राने ५ ते १० किलोमीटरचा परिसर व्यापावा, आणि त्याला १०० वॅट ईआरपी (प्रभावी प्रक्षेपण-शक्ती) पुरेशी धरली आहे. मी तालुक्याच्या नकाशावर १० किलोमीटरचं वर्तुळ मारलं. आत आलेल्या प्रत्येक गावाला सांगून टाकलं, तुम्हाला आमचं केंद्र लागेल.

आकडेमोड केली होती. मोकळ्या अवकाशात अंतर दुप्पट झालं की सिग्नल ६ डेसिबलने घटतो. त्या हिशोबाने १० किलोमीटरवर ७७ डेसिबलच्या आसपास तीव्रता यायला हवी, आणि ग्रामीण भागात स्टिरिओसाठी आंतरराष्ट्रीय शिफारस ५४ची आहे. पण जमिनीलगत थेट येणारी लहर आणि जमिनीवरून उसळून येणारी लहर एकमेकींना छेद देतात. तिथे अंतर दुप्पट झालं की घट १२ डेसिबलपर्यंत जाते. मध्ये डोंगराची सोंड आली तर विचारायलाच नको. वर्तुळाला डोंगर दिसत नाही, ही साधी गोष्ट मी सह्याद्रीत राहून विसरलो.

तक्रारी आल्यावर पडताळणीला निघालो, तोही गाडीतून. केंद्र लावून डांबरी रस्त्याने फिरलो, आवाज स्वच्छ येत होता. गाडीचा रेडिओ इथे फसवतो. सिग्नल पडला की तो हळूच स्टिरिओवरून मोनोवर येतो, खरखर दाबतो, आणि तीव्रता किती घसरली ते कानाला कळतच नाही. शिवाय त्याची अँटेना टपावर, बाहेर. वाडीतली माणसं मोबाइलवर ऐकतात, इअरफोनची वायर हीच त्यांची अँटेना, आणि तीही भिंतींच्या आत.

अखेर मीटर घेऊन वाडीत गेलो. एका अंगणात उभं राहून आकडा लिहून घेतला आणि निघणार होतो. तिथल्या आजी म्हणाल्या, ‘‘बाळा, तिथं लागतं रं, चुलीपाशी न्हाई लागत.’’ त्या म्हणतील तिथे मीटर नेला. दोन पावलं सरकताच काटा पडला, आणखी दोन पावलांवर पुन्हा चढला. १०० मेगाहर्ट्‌झला तरंगलांबी ३ मीटर असते. परावर्तित लहरींमुळे एवढ्या अंतरात सिग्नल बराच वरखाली होतो. एका जागेचा आकडा म्हणजे त्या घराचं मोजमाप नव्हे, हे मला आजींमुळे कळलं.

वाडीला मी चुकीचा शब्द दिला होता. पावसाळ्यात रस्ता बंद पडल्याची सूचना आम्ही रेडिओवरून देत होतो आणि ती पोहोचते असं गृहीत धरत होतो. आता ती सूचना फोनवरूनही जाते.

असा नकाशा करणाऱ्यांना माझी विनंती आहे: शेवटच्या घरात, रेडिओ जिथे ठेवतात तिथेच मोजा, चार-पाच जागी मोजा, आणि जिथे लागत नाही ती ठिकाणंही नकाशावर ठळक दाखवा.