जहाजावरची ‘लाइन’

रिद्धपूर माहीत आहे ना? अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी तालुक्यातलं गाव. आजूबाजूला संत्र्यांच्या बागा, कपाशी, तूर. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात ‘लीळाचरित्र’ रचलं ते इथंच, आणि २०२४ पासून मराठी भाषा विद्यापीठही इथंच सुरू झालं आहे. समुद्र मात्र इथून फार लांब. अमरावतीला जाऊन रेल्वेत बसायचं, रात्रभर प्रवास करायचा, तेव्हा कुठे सकाळी मुंबई.

तरीही जहाजाची गोष्ट मी रिद्धपुरापासूनच सुरू करणार आहे. कारण आपल्या वऱ्हाडात विजेला वीज क्वचितच म्हणतात. ‘लाइन आली’, ‘लाइन गेली’, ‘रात्रीची लाइन आहे, ओलिताला जा लागते’, असंच बोलतात. शब्द अगदी नेमका आहे, बरं का! वीज कुठेतरी दूर, अकोल्याकडच्या पारसला किंवा नागपूरजवळच्या कोराडीला तयार होते आणि तारांवरून आपल्या घरी येते. आपल्याकडे येते ती खरोखर लाइनच. ती गेली की लग्नाच्या मांडवामागे ठेवलेला जनरेटर धडधडू लागतो. आता असं गाव डोळ्यांसमोर आणा, जिथं लाइन येऊच शकत नाही. शिवाय ते गाव एका जागी थांबतसुद्धा नाही!

हे गाव बघायचं तर मुंबईला गेटवे ऑफ इंडियापासून घारापुरीची लाँच पकडा. हो, तीच लेण्यांची घारापुरी, एलिफंटा. तासाभराचा प्रवास आहे. लेण्यांबद्दल तुम्ही पुस्तकात वाचलं असेलच, म्हणून मी बेटावरच्या विजेबद्दल सांगतो. शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर ही तिथली तीन गावं. मुंबईचे दिवे रोज रात्री समोर लखलखताना दिसायचे, पण यांच्याकडे डिझेलचा जनरेटर, तोही संध्याकाळचे काही तासच. फेब्रुवारी २०१८ मध्ये समुद्राच्या तळातून सुमारे साडेसात किलोमीटर लांबीची केबल टाकून बेटावर लाइन आणली, तेव्हा कुठे ते संपलं. बेट जागचं हलत नाही, म्हणून हे जमलं. जहाजाचं काय करणार?

लाँच बंदरातून जाते तेव्हा नांगर टाकून उभी असलेली जहाजं दिसतात. त्यांच्या धुराड्यांकडे नीट बघा. जहाज उभं आहे, त्याला पुढे ढकलणारं मुख्य इंजिन बंद आहे, तरी धुराची एक बारीक रेघ वर चाललेली असते. तो धूर असतो जनरेटरच्या इंजिनाचा.

मालवाहू जहाजावर साधारणपणे असे तीन जनरेटर असतात, मोठ्या जहाजांवर चारसुद्धा. प्रत्येकाला स्वतःचं डिझेल इंजिन. इंजिन फिरतं, त्याच्याबरोबर विद्युतचुंबक फिरतं आणि भोवतीच्या तांब्याच्या वेटोळ्यांत वीज तयार होते. फॅरडेनं १८३१ मध्ये दाखवून दिलेलं हेच ते तत्त्व. तुमच्या बाबांच्या जुन्या सायकलीवरचा डायनामोही याच तत्त्वावर चालायचा. फक्त इथं आकार वेगळा. मध्यम जहाजावरच्या एकेका जनरेटरची ताकद सुमारे पाचशे ते सातशे किलोवॅट असते. संत्र्याच्या बागेतले पाच हॉर्सपॉवरचे शंभराहून अधिक पंप त्या एकावर चालतील!

तीनपैकी एक चालू, एक तयारीत, एक दुरुस्तीला मोकळा, अशी साधारण पद्धत. बंदरात शिरताना किंवा अरुंद पाण्यातून जाताना मात्र दोन चालू ठेवतात. आणि इथंच खरी गंमत आहे. दुसरा जनरेटर सुरू केला आणि बटण दाबून जोडून टाकला, असं चालत नाही. दोघींनी दोरी फिरवायला घेतली आहे आणि तिसरीला मध्ये शिरायचं आहे, असं समजा. ती थोडा वेळ उभ्या उभ्याच दोरीचा ताल धरते आणि नेमक्या क्षणी आत उडी घेते. क्षण चुकला की दोरी पायात! जहाजावरची वीज सेकंदाला साठ वेळा हेलकावे घेते. नव्या जनरेटरचे हेलकावे चालू जनरेटरच्या हेलकाव्यांशी जुळावे लागतात. त्यासाठी पॅनेलवर घड्याळासारखी एक तबकडी असते. तिचा काटा हळूहळू फिरत बाराच्या जवळ आला की स्विच जोडायचा. वेळ चुकली तर इतका जबर झटका बसतो की यंत्रं मोडू शकतात. आता हे काम बहुतेक ठिकाणी संगणक करतो, पण इंजिनियरला हातानं करता यावंच लागतं.

भारनियमनही असतं बरं का जहाजावर! भार अचानक फार वाढला तर आधी एसी, पंखे, स्वयंपाकघर अशा गोष्टी आपोआप बंद पडतात. सुकाणू आणि रडार यांना हात लागत नाही. आचाऱ्याची पोळी कच्ची राहिली तरी चालेल, जहाज वळायला हवं.

तुम्ही म्हणाल, लाइन गेली तर काय होईल? दिवे जातील, एवढंच ना? तसं नाही. मुख्य इंजिनाला तेल आणि थंड पाणी पुरवणारे पंप विजेवर चालतात, त्यामुळे वीज गेली की इंजिनही थांबतं. सुकाणू वळवणाऱ्या मोटरी थांबतात. शेकडो मीटर लांबीचं जहाज मग नुसतं वाहत राहतं. जनरेटरचं इंजिन पुन्हा सुरू करायला दाबलेली हवा लागते. मोटारीच्या चाकात असते तिच्या दहा पटींहून जास्त दाबाची. ती हवा भरणारा कॉम्प्रेसरही विजेवरच चालतो! म्हणून हवेच्या टाक्या कायम भरलेल्या ठेवतात. शिवाय इंजिनरूमच्या बाहेर, वरच्या डेकवर, संकटकाळचा एक वेगळा जनरेटर असतो. ४५ सेकंदांच्या आत त्यानं आपोआप वीज द्यायला हवी, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. पण तो छोटा असतो. दिवे, सुकाणू, रेडिओ एवढंच सांभाळतो, मुख्य इंजिन नाही.

२६ मार्च २०२४ च्या मध्यरात्रीनंतर अमेरिकेत बाल्टिमोरला ‘डाली’ नावाचं सुमारे तीनशे मीटर लांबीचं जहाज बंदरातून निघालं. त्यावरचे बहुतेक कर्मचारी भारतीय होते. पुलाजवळ येताना दिवे गेले, परत आले, पुन्हा गेले. जहाज पुलाच्या खांबावर आदळलं आणि पूल कोसळला. वर रस्त्यावरचे खड्डे बुजवत असलेले सहा कामगार मृत्युमुखी पडले. जहाजावरून वेळीच धोक्याचा इशारा गेला होता, पोलिसांनी पुलावरची वाहनं अडवली, म्हणून आणखी जीव वाचले. पण त्या सहा जणांपर्यंत निरोप पोचेतो फार उशीर झाला होता. चौकशीत पहिल्या अंधाराचं कारण काय निघालं असेल? एक सैल वायर! तिच्यावर नाव लिहिलेली पट्टी जरा पुढे सरकून बसली होती, त्यामुळे वायरचं टोक खाचेत पुरतं गेलंच नव्हतं. मैलोनमैल वायरींच्या जाळ्यातलं ते एक टोक.

अलीकडे काही बंदरांत धूर कमी व्हावा म्हणून धक्क्याला लागलेल्या जहाजाला किनाऱ्यावरून जाड केबल जोडतात. कॅलिफोर्नियात २०१४ पासून हे सक्तीनं सुरू झालं. आपल्याकडे थोडी अडचण अशी की किनाऱ्यावरची वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेते आणि जहाजावरची बहुधा साठ, म्हणून मध्ये बदल करणारं यंत्र बसवावं लागतं. तेवढं झालं की जहाजाला घारापुरीसारखी लाइन मिळते, जनरेटर गप्प होतात आणि धुराड्यावरची रेघ पुसली जाते. निघायच्या आधी मात्र जनरेटर चालू करायचा, काटा बारावर आणायचा आणि मगच केबल सोडायची.