इंजिनाची ऊब

बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे 920 मीटर उंचावर वसलं आहे. जानेवारीच्या पहाटे इथं पारा पंधरा-सोळा अंशांवर असतो, एखाद्या वर्षी थोडा खाली जातो. 13 जानेवारी 1884 रोजी 7.8 अंशांची नोंद झाली होती, तो नीचांक अजून मोडलेला नाही. अशा गावात मोटारीला हीटर कशाला हवा, असं कुणीही विचारील. मला तो हवा होता पावसासाठी. मे महिन्यात दुपार कलली की आभाळ भरून येतं, अर्ध्या तासात रस्त्यांचे ओढे होतात आणि जुन्या गाडीच्या काचा आतून आंधळ्या होतात. एसी नसलेल्या गाडीत अशा वेळी एकच उपाय असतो, तो म्हणजे काचेच्या बुडाशी येणारा कोरडा, उबदार वारा. माझ्या मॉरिस मायनरमध्ये तो वारा यायचा, पण थंडगार.

मायनर ही ॲलेक इसिगोनिसची गाडी, 1948 च्या लंडन मोटार शोमध्ये लोकांसमोर आलेली. पहिल्या मायनरमध्ये पाणी फिरवायला पंपच नव्हता. तापलेलं पाणी हलकं होऊन आपोआप वर चढे, रेडिएटरमध्ये निवून खाली उतरे आणि पुन्हा इंजिनात शिरे. या आपसूक फिरण्यावर इंजिन थंड राहत असे, पण हीटरपर्यंत पाणी ढकलण्याचा जोर त्यात नव्हता. 1950 च्या अखेरीस पंप बसला, तेव्हा कुठे गिऱ्हाइकाला जादा पैसे मोजून हीटर घेता येऊ लागला. आमची गाडी त्यानंतरची, 948 सीसी इंजिनाची मायनर 1000.

हीटरबद्दल मला पहिल्यापासून एक आपुलकी आहे. तो स्वतः काही जाळत नाही. पेट्रोलच्या उष्णतेतला मोठा वाटा चाकांपर्यंत पोचतच नाही; तो पाण्यात आणि धुरात जातो. सिलिंडर हेडच्या मागच्या टोकाला असलेल्या तोटीतून थोडं गरम पाणी निघतं, रबरी नळीने डॅशबोर्डखालच्या छोट्या रेडिएटरमध्ये येतं, आपली ऊब तिथं ठेवतं आणि दुसऱ्या नळीने परत पंपाकडे जातं. जे वाया जाणारच होतं, त्यातला चिमूटभर भाग माणसांकडे वळवायचा, एवढंच या यंत्राचं काम. इतकी साधी आणि इतकी समंजस वस्तू गाडीत दुसरी नाही.

तो बिघडला तर शोध हातानेच घ्यायचा. गाडी चांगली पाच-सात मैल फिरवून आणायची, तोटी उघडी आहे ना ते पाहायचं आणि पंख्याला जपून हीटरच्या दोन्ही नळ्या बोटांनी चाचपायच्या. दोन्ही कडक तापलेल्या आणि वारा तरी थंड, तर दोष हीटरच्या पंख्याचा किंवा झडपेचा. एक गरम, एक गार, तर मधला छोटा रेडिएटर तुंबलेला. दोन्ही गार, तर पाणी येतच नाही. तोटी गच्च झाली असेल किंवा आत हवा कोंडली असेल. माझ्या गाडीत यातलं काहीच धड नव्हतं. दोन्ही नळ्या कोमट होत्या. पाणी फिरत होतं, पण त्यात ऊबच नव्हती.

मायनरला तापमानाचा काटा नसतो. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, रेडिएटरचं झाकण काढून गाडी सुरू केली आणि आत पाहत राहिलो. नीट असलेल्या गाडीत वरचं पाणी बराच वेळ स्तब्ध राहतं. इंजिन तापलं की थर्मोस्टॅट, म्हणजे रेडिएटरकडची वाट अडवून धरणारी झडप, उघडतो आणि मग एकदम धार सुरू होते. इथं पहिल्या क्षणापासून पाणी खळाळत होतं. वरच्या होसखालचे तीन नट काढले, गॅस्केट सोडवलं. थर्मोस्टॅटच्या जागी नुसती रिकामी वाटोळी बैठक. कुणीतरी फार वर्षांपूर्वी तो काढून टाकला होता.

शिवाजीनगरच्या गुजरीत जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकणारे एक चाचा आहेत. त्यांना सांगितलं, तर ते जराही चकित झाले नाहीत. “सबाँ निकाल को फेंकते थे साब. गाडी गरम होती बोल को.” आणि खरंच, आपल्याकडच्या जुन्या गाड्यांपैकी कितीतरींची हीच कथा आहे. पाणी बोअरचं, क्षारांनी जड. कूलंटचं नाव कुणाला माहीत नसे. रेडिएटर गाळाने भरत आलेला आणि समोर घाटाची चढण. 920 मीटरवर साधं पाणी सुमारे 97 अंशांनाच उकळतं, म्हणजे तीन अंशांची सवलत आधीच गेलेली. अशात वाटेत अडवणारी झडप काढून टाकली की गाडी त्या दिवसापुरती घरी पोचायची. ज्याने हे केलं त्याच्यावर माझा राग नाही. रस्त्याच्या कडेला बायकामुलांसह वाफाळत्या बॉनेटजवळ उभ्या असलेल्या कुणाची तरी त्याने सोडवणूक केली असणार.

पण तात्पुरता उपाय कायमचा झाला आणि त्याची किंमत इंजिन मोजत राहिलं. थर्मोस्टॅट नसलेलं इंजिन बंगळुरूच्या सकाळी कधी पुरतं तापतच नाही. चोक जास्त वेळ ओढून ठेवावा लागतो, पेट्रोल जास्त जातं, ऑइलमध्ये साचलेला दमटपणा उडून जात नाही आणि त्याचा चिखल होतो. तापण्याची इतकी भीती घेतली गेली की गारठ्याने होणारी झीज कुणाला दिसलीच नाही. हीटर बिचारा तक्रार करत होता, ती खरं तर साऱ्या इंजिनाची तक्रार होती.

नवा थर्मोस्टॅट 82 अंशांचा घेतला. बसवण्याआधी पातेल्यातल्या पाण्यात लोंबता ठेवून, तापवून, तो उघडतो का ते पाहिलं. त्याच ओघात हेडमागची तोटीही काढली. ओतीव लोखंडाचा गंज आणि गाळ नेमका त्या शेवटच्या कोपऱ्यात बसतो. तार घालून खरवडला तेव्हा विटकरी चिखल बाहेर आला. छोटा रेडिएटर उतरवून बागेच्या नळीने उलट्या दिशेने धुतला, पाण्याचा जोर बेताचा ठेवून, कारण जुना डाग दिलेला सांधा जास्त दाब सोसत नाही.

तोटीच्या पितळी दांड्याचे आटे झिजले होते. तो दांडा लेथवर नवा करून दिला एचएएलमधून निवृत्त झालेल्या एका टर्नरनी. ते जुना दांडा डोळ्यांजवळ धरून कितीतरी वेळ निरखत राहिले. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी डिसेंबर 1940 मध्ये म्हैसूर संस्थानाच्या साथीने या शहरात विमानांचा कारखाना काढला, त्याचंच पुढे एचएएल झालं. त्या कारखान्याने या शहराला विमानं दिलीच, शिवाय असे हातही दिले. सॉफ्टवेअरच्या बंगळुरूबद्दल सारे बोलतात. मला मात्र या हातांचं बंगळुरू अधिक जवळचं वाटतं, आणि ते झपाट्याने म्हातारं होत आहे.

शेवटी राहिली कोंडलेली हवा. मल्लेश्वरमच्या एका चढावर गाडी तोंड वर करून उभी केली, चाकांमागे दगड लावले. थंड इंजिनातच झाकण काढून, हीटरची तोटी पूर्ण उघडून ते सुरू केलं. बुडबुडे येत राहिले, पाणी खाली जात राहिलं, तेवढं कूलंट भरत गेलो. बुडबुडे थांबले, झाकण लावलं. थोड्या वेळाने पायांशी जो वारा आला, तो तापलेल्या रबराच्या आणि जुन्या धुळीच्या वासाचा होता, आणि गरम होता. शेजारी बसलेल्या आईने न बोलता शाल उतरवून मागच्या सीटवर ठेवली.

यंदाच्या वळवात काच स्वच्छ राहिली. त्याहून मोलाचं म्हणजे इंजिनाचा आवाज बदलला. ते आता भरल्या पोटाचं वाटतं. तुमच्याकडे जुनी गाडी असेल आणि कुणी ‘थर्मोस्टॅट काढून टाकू, गाडी थंड चालेल’ म्हणालं, तर त्याला आधी रेडिएटर साफ करायला सांगा, नळाचं पाणी सोडून कूलंट भरायला सांगा. थर्मोस्टॅट मात्र काढू देऊ नका.