टोकियोचें सुवर्णपदक आणि टेक्ससचा तुरुंग

अमेरिकेंत ‘फुटबॉल’ या नांवानें जो खेळ खेळला जातो, त्यांत पायाचा चेंडूशीं संबंध फारच थोडा येतो, हें आमच्या बहुतेक वाचकांनीं ऐकिलें असेलच. चेंडू लांबट व दोन्ही टोकांस निमुळता. दोन्ही बाजूंस अकरा-अकरा गडी. आणि चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढें सरकलेंच पाहिजे, नाहीं तर चेंडू प्रतिपक्षाच्या हवालीं होतो, असा त्याचा मुख्य कायदा. या धुमश्चक्रींत एक जागा मात्र अशी आहे कीं, तेथील गड्यास धक्काबुक्कीपेक्षां धांवणें अधिक यावें लागतें. मागून दूरवर फेकलेला चेंडू, पाठीवर शत्रु असतां, भरधांव पळतां पळतां वरच्यावर झेलावयाचा, हें त्याचें काम. तिकडे त्यास ‘रिसीव्हर’ म्हणतात. आम्ही आपले त्यास झेलकरी म्हणूं. बॉब हेज या झेलकऱ्याची हकीकत आम्हीं नुकतीच वाचली व ती कित्येक दिवस मनांतून जाईना, म्हणून हा लेखनप्रपंच.

हेजचा जन्म २० डिसेंबर १९४२ रोजीं फ्लॉरिडा संस्थानांतील जॅक्सनव्हिल येथें एका कृष्णवर्णी कुटुंबांत झाला. त्या काळीं दक्षिणेंतील गोऱ्यांच्या विद्यापीठांचीं दारें अशा मुलांस बहुतेक बंद असत. म्हणून तो कृष्णवर्णीयांकरितां स्थापन झालेल्या फ्लॉरिडा ए अँड एम या विद्यापीठांत दाखल झाला. १९६३ सालीं त्यानें शंभर यार्डांचें अंतर ९.१ सेकंदांत तोडलें. तितक्या वेगानें तोंवर कोणी धांवला नव्हता. पुढच्याच वर्षीं टोकियोचें ऑलिंपिक आलें. (आपल्या हॉकी संघानें पाकिस्तानाकडून सुवर्णपदक परत जिंकलें, तें हेंच ऑलिंपिक.) शंभर मीटरांच्या अंतिम शर्यतीस त्याचा एक बूट खोलींतच राहून गेला व दुसऱ्या धांवपटूचा उसना बूट त्यास एका पायांत चढवावा लागला. त्यांत वांट्यास आली ती अगदीं आंतली पट्टी. चालण्याच्या शर्यतीच्या गड्यांनीं ती आधींच तुडवून उखडून ठेविली होती. तरीहि त्यानें १० सेकंदांत, म्हणजे जागतिक उच्चांकाच्या बरोबरीनें, सुवर्णपदक मिळविलें. मग सांघिक शर्यत. शेवटच्या टप्प्यासाठीं हेजच्या हातीं दांडी आली, तेव्हां अमेरिकेचे चौघे बरेच मागें पडले होते. त्या शंभर मीटरांत त्यानें पुढचे सारे गडी मागें टाकले आणि ३९ सेकंदांचा नवा उच्चांक झाला.

असा वेग चेंडू झेलण्याच्या कामीं लावावा, ही कल्पना डॅलस काउबॉईज या संघास सुचली. १९६५ पासून १९७४ पर्यंत तो त्यांजकडे खेळला. पहिल्याच हंगामांत त्यानें ४६ झेल घेऊन एक हजारांवर यार्ड मिळविले. प्रतिपक्षाची रीत अशी असे कीं, एका झेलकऱ्यामागें एक रक्षक सोडावयाचा. हेजमागें सोडलेला रक्षक मागेंच राही! मग माणसाऐवजीं मैदानाचे तुकडे वांटून घेऊन राखण्याची पद्धत सर्वत्र पसरली; तिच्या प्रसारास हेजचा वेग पुष्कळ अंशीं कारण झाला, असें या खेळाचे जाणकार मानतात. एका माणसाच्या पायांमुळें साऱ्या खेळाचें डावपेंचशास्त्र बदलावें, ही गोष्ट लहान नव्हे.

त्याचा एक दोष मात्र गंमतीचा आहे. ३१ डिसेंबर १९६७ रोजीं ग्रीन बे येथें उणें पंचवीस अंश सेल्सिअस थंडींत अंतिम सामना झाला. चेंडू आपल्याकडे येणार नसला कीं हेज हात विजारींत घालून ऊब घेई; येणार असला कीं बाहेर काढी. प्रतिपक्षानें हें तेव्हांच हेरलें. डॅलसवाले तो सामना २१ विरुद्ध १७ असा हरले. पुढें जानेवारी १९७२ मध्यें त्यांनीं ‘सुपर बोल’ जिंकला, आणि ऑलिंपिकचें सुवर्णपदक व त्या विजयाची मुद्रिका दोन्ही मिळविणारा हेज हा एकटाच पुरुष ठरला.

१९७५ सालीं सॅन फ्रान्सिस्कोच्या संघांत थोडे सामने खेळून त्याचा खेळ संपला. वय अवघें बत्तीस. दारू जडलेली, नंतर मादक द्रव्येंहि आलीं. १९७८ सालीं वेष पालटलेल्या पोलिसास तीं द्रव्यें दिल्याचा आरोप त्याजवर आला. त्यानें तो कबूल केला. पांच वर्षांची शिक्षा झाली, पैकीं सुमारें दहा महिने त्यानें टेक्ससच्या तुरुंगांत काढले. आम्हांस या अपराधाचें समर्थन करावयाचें नाहीं. व्यसनानें घरें कशीं बसतात हें ज्यांनीं पाहिलें आहे, ते तो क्षुल्लक मानणार नाहींत.

परंतु जन्मभर मुलें शिकविण्यांत गेलेल्या आम्हांस निराळीच गोष्ट अधिक बोंचते. चपळ मुलाचें सर्वांस कौतुक. तो वर्गांत नसला तरी कोणी विचारीत नाहीं, मैदानांत नसला तर मात्र गांवभर शोध होतो. हेज विद्यापीठांतून निघाला तो पदकें घेऊन, पदवीवांचून. खेळ थांबल्यावर त्याच्या हातीं दुसरें कसलेंच साधन नव्हतें. पुढें व्यसनमुक्तीचे उपचार झाले, आणि १९९४ सालीं, एक्कावन्नाव्या वर्षीं, त्यानें आपल्या जुन्या विद्यापीठांत राहिलेला अभ्यास पुरा करून पदवी घेतली. विषय कोणता, तर प्राथमिक शिक्षण! त्याच्या सर्व शर्यतींत आम्हांस हीच मोठी वाटते. तिला प्रेक्षक फार नव्हते.

डॅलसच्या संघानें २००१ सालीं त्याचें नांव आपल्या मानाच्या नामावळींत घातलें. पुढच्याच वर्षीं, १८ सप्टेंबर रोजीं, मूत्रपिंडें निकामी होऊन तो जॅक्सनव्हिल येथें वारला. ओहायोंतील कँटन येथें या खेळाच्या श्रेष्ठ पुरुषांचें जें स्मृतिमंदिर आहे, त्यांत मात्र त्यास जागा नव्हती. २००४ सालीं त्याचें नांव शेवटच्या यादीपर्यंत पोंचलें व नाकारलें गेलें. पंचांचीं मतें गुप्त असतात. तरी तुरुंगाची छाया आड आली, असें पुष्कळांचें म्हणणें पडलें. एका नामांकित क्रीडालेखकानें तर निषेध म्हणून निवड-मंडळाचा राजीनामा दिला. आमचें मत त्याच्याच बाजूचें आहे. न्यायालयानें दिलेली शिक्षा हेजनें भोगली होती. झेलांच्या हिशेबांत ती पुन्हां वजा करण्याचा अधिकार पंचांस कोणीं दिला? ३७१ झेल, ७४१४ यार्ड, म्हणजे दर झेलामागें वीस यार्ड. हे आंकडे तुरुंगांत जाऊन कमी झाले नव्हते.

२००९ सालीं अखेर त्यास तेथें स्थान मिळालें. ऑलिंपिकचें सुवर्णपदक मिळवून त्या मंदिरांत गेलेला दुसरा पुरुष म्हणजे जिम थॉर्प. त्यानें १९१२ सालीं जिंकलेलीं दोन पदकें, पूर्वीं पैसे घेऊन बेसबॉल खेळला होता एवढ्या कारणावरून पुढच्या वर्षीं काढून घेतलीं होतीं. तीं १९८३ सालीं त्याच्या मुलांच्या हातीं परत आलीं. थॉर्प १९५३ सालींच वारला होता.