पोटखराबा

मुंबई-गोवा महामार्गावर नागोठणे व कोलाड यांच्या दरम्यान आमचे खांब गाव. उत्तरेस अंबा नदी, दक्षिणेस कुंडलिका. भारतीय सर्वेक्षण विभागाचा या भागाचा नकाशा आम्ही पुष्कळदा उलगडून पाहतो. सह्याद्रीकडे समोच्च रेषांची दाटी; खाडीकडे मात्र कागद जवळजवळ कोराच. पन्नास हजारांस एक या प्रमाणाच्या नकाशात दोन रेषांमध्ये साधारणतः २० मीटर उंचीचे अंतर धरतात. डोंगरास हे माप पुरते; खारजमिनीत मात्र वीतभर उंचीवर सारे ठरते. उधाणाचे पाणी कोठवर येईल, भात कोठे तगेल, हे शेतकऱ्यास ठाऊक असते, कागदास नव्हे.

नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वर पाहा. गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळ १९०७ ते १९१३ या काळात बंधारा झाला, तो शेतीच्या पाण्यासाठी. पुढे पुराचा गाळ साचला, पाणी उथळ झाले, बेटे वर आली, पाणवनस्पती माजल्या, आणि हजारो पाखरांनी तेथे वस्ती केली. अभियंत्याच्या वहीतील तूट ती पाखरांची जमा ठरली! १९८६ मध्ये तेथे सुमारे १०० चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले. २०१९ मध्ये रामसर यादीत महाराष्ट्रातील पहिली पाणथळ जागा म्हणून नोंद झाली, ती १,४३७ हेक्टरांची, म्हणजे चौदा चौरस किलोमीटरांहून थोडी अधिक. जागा एक, सीमा दोन. आणि गाळ तर दरवर्षी स्वतःची तिसरी रेषा आखतोच आहे.

ही केवळ विद्वानांची चर्चा नव्हे. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उपग्रहाच्या साहाय्याने नोंदलेल्या, सव्वादोन हेक्टरांहून मोठ्या २,०१,५०३ पाणथळ जागांना संरक्षण देण्याचा आदेश दिला. त्याहून लहान जागांचे काय? आमच्या ओळखीची एक पाणथळ होती. पावसाळा सरला की तेथे बगळे उतरत. सातबाऱ्यावर ती ‘पोटखराबा’ होती. एका उन्हाळ्यात तीवर भराव पडला, आणि पुढल्या पावसात ते पाणी शेजारच्या घरांत शिरले.

उपग्रह विस्तार दाखवील. पाण्याचा स्वभाव मात्र त्याच्या काठी राहणारेच सांगतील. म्हणून घरातील वडीलधाऱ्यांस विचारावे, पाण्याच्या जुन्या खुणा गावनकाशावर नोंदवाव्यात आणि तो कागद ग्रामसभेपुढे ठेवावा. ही माणसे आहेत तोवरच हे होणे शक्य आहे.