बनावट

नजर अधू झाल्यापासून विद्यार्थिनी मजकूर वाचते आणि मी भाषांतर सांगतो. डोळा जिथून सहज पुढे जायचा तिथे आता कान अडतो. सध्या अडला आहे तो ‘फिक्टिशस’पाशी.

‘काल्पनिक’ लिहून मोकळे होणारे पुष्कळ. त्यांचा मला राग येतो. शेरलॉक होम्स ‘फिक्शनल’ आहे. अस्तित्वातच नसलेल्या माणसाच्या नावाने काढलेली हुंडी ‘फिक्टिशस’ नावाची. 1881 च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टचं कलम 42 अशाच हुंडीबद्दल आहे: ती स्वीकारणाऱ्याला, नाव खोटं होतं एवढ्या सबबीवर, रीतसर धारकापुढे हात झटकता येत नाहीत. तिथे ‘काल्पनिक’ म्हटलं की लबाडीच गळून जाते.

‘बेनामी’ चालत नाही, कारण त्यामागे खरा मालक असतो. ‘तोतया’लाही अस्सल माणूस लागतो, पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले म्हणून त्यांचा तोतया उभा राहू शकला. इथे तर मागे कोणीच नाही. ‘बनावट’ मी कायम टाळत आलो. मला तो पोलिसी पंचनाम्यातला शब्द वाटे.

परवा ती म्हणाली, “सर, पण आपण ‘भारतीय बनावटीची बोट’ म्हणतो ना?”

मी गप्प झालो. लॅटिनमध्ये ‘फिंगेरे’ म्हणजे माती मळून आकार देणं. कुंभार तो ‘फिगुलुस’. त्यातूनच ‘फिक्टिकियुस’, म्हणजे हाताने घडवलेलं, कृत्रिम. पहिल्या शतकात प्लिनी खजुराच्या, अंजिराच्या मद्यांना हेच विशेषण लावतो, आणि ती मद्यं लोक खुशाल पीत. घडवलेलं ते खोटं, हा अर्थ त्याच शब्दाला चिकटला आणि इंग्रजीत पक्का झाला. आपली ‘बनावट’ही घडणीकडून खोटेपणाकडे तशीच गेली. फिंगेरेचा मूळ धातू संस्कृतातल्या ‘दिह्’चा सख्खा, त्याच ‘दिह्’पासून ‘देह’ आणि ‘संदेह’ दोन्ही झाले.

ही सगळी व्युत्पत्ती मला तोंडपाठ होती, आणि तिचा मला गर्व आहे. शब्द मात्र विद्यार्थिनीला सापडला, हे अजून सलतं. या वयात ही असूया शोभत नाही, पण आहे.

होम्ससाठी मी ‘कल्पित’ ठेवला आहे. ‘क्लृप्’ धातूतही रचणं आहेच. हुंडीवरच्या नावाला ‘बनावट’. ‘काल्पनिक’ या दोन्ही जागी चुकीचा आहे.